माळवद, पाला आणि अखंड थंडी

कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता, मेथी, शेपू आणि हरभऱ्याचे कोवळे शेंडे या सर्वांना मिळून असे एक नाव मराठीत नाही. ‘औषधी वनस्पती’ म्हणावे तर वैद्याची आठवण होते आणि ‘भाजी’ म्हणावे तर कढीपत्ता तीत बसत नाही. बाजारात या सगळ्याला ‘पाला’ म्हणतात. नांदेड असो वा लातूर, भाजीवाली मावशी मोठा सौदा झाल्यावर मूठभर कोथिंबीर आणि कढीपत्त्याची एक डहाळी पिशवीत वरून टाकते आणि तिचे पैसे सहसा मागत नाही. ज्याला भाव नाही त्याचा हिशेबही कोणी ठेवत नाही. निजामाच्या राज्यात ज्वारी आणि कापूस यांची नोंद सरकारदरबारी झाली, पुढे गॅझेटियरांतही ती उतरली. पण घरातल्या बाईने माघ महिन्यात किती पाला वाळवून ठेवला, हे लिहून ठेवण्याची गरज कोणालाच वाटली नाही. ती उणीव थोडीफार भरून काढावी, एवढाच आमचा हेतू आहे.

वाचकांना मत्तयच्या शुभवर्तमानातील तेविसावा अध्याय स्मरत असेल. पुदिना, शेपू आणि जिरे यांचाही दशमांश मोजून देणाऱ्या परूश्यांना प्रभू येशूने तेथे कठोर शब्दांत सुनावले आहे. अनुवादाच्या नियमशास्त्रात दशमांश सांगितला आहे तो प्रामुख्याने धान्य, द्राक्षारस आणि तेल यांचा. परूश्यांनी तो परसातल्या पाल्यापर्यंत नेला. या प्रसंगावर प्रवचने पुष्कळ होतात, पण त्यातली एक साधी गोष्ट नजरेतून निसटते. न्याय, दया आणि विश्वास ह्या भारी गोष्टी सोडल्याबद्दल प्रभू रागावले, पाला मोजल्याबद्दल नव्हे. तेही करावे, हेही सोडू नये, असाच त्यांच्या बोलण्याचा रोख होता. तेव्हा पाल्याचा हिशेब मांडणे हे काही अगदीच क्षुद्र काम ठरत नाही, असे समजून आम्ही पुढे जातो.

मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत रब्बीचा हरभरा पौषात गुडघ्याखालीच असतो. फुलावर येण्यापूर्वी त्याचे शेंडे खुडतात. खुडल्याने झाडाला फांद्या अधिक फुटतात, म्हणून शेतकऱ्याची त्यास ना नसते. आणि घरात भाजी येते, म्हणून बाईलाही ते हवेच असते. ताज्या शेंड्यांचा कांदा, मीठ, तेल घालून घोळाणा होतो. पण खुडणीचा मोठा वाटा खायचा नसून ठेवायचा असतो. जुन्या लुगड्यावर पसरून, ओसरीच्या सावलीत आधी सुकवून, मग एक-दोन उन्हे देऊन तो पाला मडक्यात भरला की वर्षभराची सोय झाली. चैत्र-वैशाखात विहिरी तळाला जातात आणि बाजारात हिरवे पान दुर्मिळ होते, तेव्हा त्यातली मूठभर चुरून डाळीच्या किंवा पिठाच्या पाण्यात शिजवायची, वर लसणाची फोडणी द्यायची, की ज्वारीच्या भाकरीबरोबर एक जेवण उभे राहते. अंबाडीचा पालाही असाच ठेवतात. गवार, कारल्याच्या चकत्या, मेथी ही त्याच घराण्यातली. १९७२च्या दुष्काळासारखी वर्षे ज्या प्रदेशाने पाहिली, त्याला हिरव्या पानाची आठवण वाळवूनच ठेवावी लागली, यात नवल नाही.

या रीतीत एक बारकावा आहे आणि तो आम्हांस फार मोलाचा वाटतो. हरभऱ्याचा पाला धूत नाहीत. हरभऱ्याच्या पानांवर आंबट दव जमते, त्यास ‘आंब’ म्हणतात. पूर्वी रात्री शेतावर कापड अंथरून आणि पहाटे ते पिळून हा आंब औषधासाठी जमवीत. पाला धुतला तर ही आंबट-खारट चव पाण्याबरोबर निघून जाते. जेथे पाणी डोईवरून आणायचे, तेथे न धुता ठेवता येणारी भाजी म्हणजे केवढी सोय! चवीचा नियम आणि पाण्याची काटकसर येथे एकाच वेळी साधली गेली. आता शेतात फवारण्या होतात, त्यामुळे कोठला पाला न धुता घ्यावा याचा विचार करावा लागतो. पण तो दोष पाल्याचा नाही.

वाळवणाला जागा लागते, आणि मराठवाड्याच्या जुन्या घराने ती आपल्या डोक्यावर दिली होती. दगडमातीच्या रुंद भिंती, त्यांवर लाकडी तुळया, त्यांवर काटक्यांचा थर आणि वर फूट-दोन फूट जाडीची माती, असे हे माळवदाचे घर. उन्हाळ्यात आत गारवा, हिवाळ्यात ऊब, आणि वर सपाट, स्वच्छ अंगण. कुरडया, पापड, सांडगे, मिरच्या, डाळी, पाला हे सारे माळवदावर चढायचे. शेजारच्या माळवदावरून आपल्या माळवदावर लक्ष ठेवता यायचे, पावसाचा थेंब पडला की हाका जायच्या. खाली माजघरात उतरंड असे. मडक्यावर मडके रचलेल्या त्या उतरंडीत सर्वांत वरच्या, सर्वांत हलक्या मडक्यात बहुधा पालाच सापडायचा.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, चार वाजण्यास काही मिनिटे असताना, किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला. गणेशविसर्जन करून गावे नुकतीच झोपली होती. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. भूकंप जगाच्या मापाने फार मोठा नव्हता. माणसे मारली ती घरांनी. चुन्या-सिमेंटाची पकड नसलेल्या दगडी भिंती फुटल्या आणि माळवदाची कित्येक टन माती झोपलेल्यांच्या अंगावर आली. ज्या मातीने पिढ्यान्‌पिढ्या वाळवणाला जागा दिली, तिनेच त्या रात्री खालच्या माणसांना गाडले. यावर काही भाष्य करण्याचे धाडस आम्हांस होत नाही.

पुढे ५२ गावे नव्या जागी वसली. देशभरातून आणि देशाबाहेरून मदत आली, तीत कॅरिटास इंडियासारख्या कॅथॉलिक संस्थांचाही हात होता. मदतीच्या शिध्यात धान्य, डाळ, तेल, मीठ असते. पाला नसतो, आणि तो असावा असेही कोणी म्हणणार नाही. परंतु भूकंपानंतर मराठवाड्यात माळवदाची भीती बसली, ती उद्ध्वस्त गावांपुरती राहिली नाही. ज्यांची घरे उभी होती, त्यांतल्याही अनेकांनी माती उतरवून पत्रे घातले. पत्र्यावर उभे राहता येत नाही, मग लुगडे पसरणार कोठे? नांदेडकडे भूकंपाचा तेवढा घाव नव्हता, तरी लाकूड महागले, दरवर्षी माती घालायला माणूस मिळेना, आणि माळवद तेथेही मागे पडत गेले. नव्या सिमेंटच्या घरांना गच्ची आली खरी, पण उतरंड आणि तिच्यावर लक्ष ठेवणारी शेजारीण दोन्ही विरळ झाल्या. या रिकाम्या झालेल्या जागेत, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, फ्रीज येऊन उभा राहिला.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. ऊन सगळाच पाला सारखा राखत नाही. हरभरा, अंबाडी यांचे सत्त्व आंबटपणात आहे, आणि आंबटपणा उडून जात नाही. मेथीचा कडवट वासही टिकतो, किंबहुना वाळल्यावर तो गडद होतो. म्हणून तर कसूरी मेथीने, पाकिस्तानातल्या पंजाबात गेलेल्या कसूर गावाचे नाव साऱ्या भारतभर फिरवले. पुदिना वाळून बरा राहतो. कोथिंबिरीचे मात्र तसे नाही. तिचा सुगंध ज्या द्रव्यांत असतो ती अतिशय चंचल. पान वाळेपर्यंत ती हवेत निघून गेलेली असतात आणि हाती उरतो तो गवताचा चुरा. कढीपत्त्याचेही बरेचसे असेच होते. म्हणून आमच्या आज्या-पणज्यांनी हरभरा मडकी भरून ठेवला, पण कोथिंबीर ठेवली नाही; धने ठेवले. पैनगंगेपलीकडे विदर्भात जिला सांबार म्हणतात, ती ही कोथिंबीर मराठवाड्याच्या स्वयंपाकात ऋतूची पाहुणी होती. हिवाळ्यात ती इतकी येते की भाव कोसळल्यावर शेतकरी जुड्या रस्त्यावर ओतून जातो, आणि मे महिन्यात तीच जुडी गृहिणी दोन बोटांत उचलून परत ठेवते. ठेवण्याची युक्ती न सापडल्यामुळे दोघांचेही नुकसान, असा हा जुना पेच आहे.

थंडी ज्या देशांत फुकट मिळते, तेथे तरी हा पेच सुटला होता काय? नवव्या शतकाच्या आरंभी रायखेनाऊच्या मठात संत गालच्या मठासाठी तयार झालेला एक आराखडा अद्याप जतन केलेला आहे. त्यात भाजीच्या बागेचे अठरा वाफे दाखवले असून प्रत्येकावर नाव आहे. कोथिंबीर आणि शेपू त्यांत आहेत. रुग्णालयाजवळची औषधी बाग वेगळी, आणि तीत पुदिना. त्याच रायखेनाऊचा मठाधिपती वालाफ्रिड स्ट्राबो याने आपल्या बागेवर लॅटिन काव्य लिहिले. अशा या संन्याशांच्या दाराशी चार-चार महिने बर्फ पडलेले असे. तरी पाला ठेवायचा तर तेही तो वाळवीत किंवा मिठात घालीत, बर्फात पुरत नसत. कारण उघड आहे. पान एकदा गोठून पुन्हा वितळले, की ते काळे पडते आणि कुजते. निसर्गाची थंडी दुपारी सैल होते, रात्री आवळते. पानाला टिकवते ती थंडी नव्हे, अखंड थंडी. आणि ती यंत्राशिवाय मिळत नाही. आपल्या बायबलातील दानिएलच्या ग्रंथात भट्टीत टाकलेले तीन तरुण हिमाला आणि बर्फालाही परमेश्वराचे स्तवन करावयास सांगतात. प्रॉटेस्टंट बायबलात हे स्तोत्र नसते. बर्फ हा मराठवाड्याच्या भक्ताला मात्र कित्येक शतके केवळ त्या स्तोत्रातच भेटला असता.

हिंदुस्थानात दूरदेशीचा बर्फ आला तो बोस्टनहून. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने १८३३ साली ‘टस्कनी’ नावाच्या जहाजातून गोठलेल्या तळ्यांचे १८० टन बर्फ भुश्शात बांधून कलकत्त्यास पाठवले; चार महिन्यांच्या प्रवासानंतर सुमारे शंभर टन शिल्लक होते. पुढच्याच वर्षी ते मुंबईस आले. सर जमशेटजी जीजीभाई यांनी मेजवानीत आइसक्रीम वाढले आणि यजमानासह पाहुण्यांना पडसे झाले, अशी बातमी तेव्हा छापून आल्याचे सांगतात. हे बर्फ सरबतासाठी आणि ज्वराच्या रोग्यासाठी. पाला त्यात कोणी ठेवला नाही. पान गोठवून ठेवण्याची विद्या आली ती क्लॅरेन्स बर्ड्‌साय या अमेरिकन माणसामुळे. १९१२ नंतरची काही वर्षे तो लॅब्राडॉरमध्ये राहिला. तेथील मूळ रहिवाशांनी पकडलेला मासा उणे चाळीसच्या वाऱ्यात क्षणात गोठतो आणि महिन्यांनी शिजवला तरी ताजा लागतो, हे त्याने पाहिले. सावकाश गोठवले तर पेशींत बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि पेशी फुटतात. झटकन गोठवले तर स्फटिक बारीक राहतात. हे तत्त्व त्याने यंत्रात उतरवले, आणि १९३० साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्डच्या दुकानांत गोठवलेला मटार आणि पालक विकावयास ठेवला गेला. त्याचे गुरू लॅब्राडॉरचे कोळी होते, हे पाकिटावर लिहिलेले नसते.

मराठवाड्यात थंडी आली ती रुळांवरून. १९००च्या सुमारास गोदावरी खोऱ्यातील मीटर गेज लोहमार्गाने नांदेड हैदराबादशी आणि मनमाडशी जोडले गेले. बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी १९११ साली लातुरास पोहोचली. मागील पिढीला आठवतो तो बर्फ म्हणजे गोणपाटात गुंडाळलेली, भुसा चिकटलेली लादी, रसवंतीत आणि गोळ्याच्या गाडीवर खिळ्याने फोडली जाणारी. घरातला फ्रीज ही फार नंतरची गोष्ट. हैदराबाद संस्थानात, निजाम सरकारच्या भागीदारीने, १९४२ साली उभी राहिलेली ऑल्विन कंपनी पुढे फ्रीज बनवू लागली, आणि गोदरेजने आपला फ्रीज १९५८ साली काढला. मराठवाडा १९४८ साली निजामाच्या सत्तेतून मुक्त झाला. ज्या हैदराबादेशी आपला व्यवहार तुटला, तेथलाच ऑल्विन पुढे डॉक्टर-वकिलांच्या घरी दिसू लागला, ही इतिहासाची एक लहानशी गंमत. सरकारच्या लेखी मात्र फ्रीज दीर्घकाळ चैनीची वस्तू राहिला आणि त्यावर भारी कर होता. त्याच्या वरच्या लहान कप्प्यात बर्फाचे खडे आणि फार तर मुलांसाठी दुधाची कुल्फी होई. कोथिंबीर खालीच, ओल्या फडक्यात.

त्या वरच्या कप्प्यात पाला जाऊ लागला तो दोन दारांचे फ्रीज मध्यमवर्गात आल्यावर, म्हणजे अगदी अलीकडे. आणि नेमक्या त्याच वेळी वीज रुसली. १९६० साली स्थापन झालेल्या राज्य वीज मंडळाचे २००५ साली विभाजन झाले; त्यानंतरची काही वर्षे भारनियमनाची होती, आणि ग्रामीण भागात दिवसाचे बारा तास, काही ठिकाणी त्याहून अधिक, वीज नसे. गच्च भरलेला, दार न उघडलेला मोठा फ्रीझर दोन दिवस थंडी धरतो. अर्धा भरलेला एक दिवस. एका दाराच्या फ्रीजमधला छोटा कप्पा एवढा दम धरत नाही. रोज गोठणे आणि रोज वितळणे चालू असेल, तर संत गालच्या संन्याशांनी जे टाळले तेच आपण विकतच्या यंत्रात करीत असतो. मडक्यातल्या हरभऱ्याला भारनियमनाशी काही देणे-घेणे नव्हते.

वीज सुधारली, तो पाणी संपले. २०१६च्या उन्हाळ्यात लातूर शहराची तहान भागविण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पहिली गाडी आली तेव्हा दहा टाक्यांत पाच लाख लिटर पाणी होते. पाणवठ्यांवर गर्दी होऊ नये म्हणून त्याआधीच जमावबंदीचा हुकूम निघालेला होता. बार्शी लाइटचे अरुंद रूळ रुंद झाले होते म्हणून तर ही गाडी लातूरपर्यंत येऊ शकली. गोठवायचा पाला तीन पाण्यांतून काढावा लागतो, मेथीला तर उकळते पाणी आणि नंतर गार पाणीही हवे. त्या उन्हाळ्यात लातुरात असे काही करा म्हणून सांगणे म्हणजे थट्टाच झाली असती. न धुण्याचा हरभरा कोणत्या प्रदेशाने शोधून काढला, हे अशा वर्षी ध्यानात येते.

तरीही गोठवण्याची विद्या आम्ही टाकाऊ मानीत नाही. उलट, सूर्याला जे राखता आले नाही ते ती राखते, म्हणून ती शिकून घ्यावी असेच आमचे मत आहे. वीज भरवशाची असेल आणि फ्रीझर उणे अठरा अंशांपर्यंत जात असेल, तर पौषात स्वस्त मिळणारी कोथिंबीर निवडून, धुऊन, फडक्यावर पंख्याखाली पूर्ण कोरडी करावी. यात आळस केला तर डब्यात बर्फाचा गोळा मिळतो, कोथिंबीर नाही. मग चिरून, सपाट डब्यात किंवा पिशवीत हवा दाबून काढून ठेवावी आणि वापरताना वितळू न देता थेट आमटीत टाकावी. वितळलेले पान लुळे पडते, ते वरून पेरायच्या कामाचे नाही. वास मात्र सुमारे सहा महिने शाबूत असतो. शेपूचे हेच. कढीपत्त्याची पाने अखंड ठेवावीत, ती सरळ फोडणीत जातात. पुदिना काळा पडतो, त्यास लिंबाचा रस घालून वाटावे आणि बर्फाच्या साच्यात खडे करावेत. मेथी मिनिटभर उकळत्या पाण्यात, मग गार पाण्यात, मग पिळून मुटके. उकळत्या पाण्याने पानातले जे द्रव्य रंग आणि वास बिघडवते ते थांबते. तेलात पाला वाटून खडे केले असतील तर ते फ्रीझरबाहेर कधीही ठेवू नयेत, कारण थंडी जंतूंना मारीत नाही, फक्त झोपवते, आणि तेलाखाली जागे होणारे काही जंतू फार विषारी असतात.

हरभरा मात्र गोठवू नये. तो वाळवलेलाच चांगला लागतो, आणि त्यासाठी गच्ची नसेल तर खिडकीत टांगलेले सूपही चालते. उपवासकाळ बहुधा फाल्गुनाच्या आसपास येतो, तोवर नवा पाला वाळून डब्यात पडलेला असतो. शुक्रवारी मांस वर्ज्य असताना त्याची पातळ भाजी आणि भाकरी हे जेवण नांदेड-लातूरच्या कोणत्याही घरात शोभून दिसेल. त्यावर फ्रीझरमधली चमचाभर कोथिंबीर टाकली तर जुन्या बायका नाक मुरडतील, पण खातील. कढीपत्त्याचे एक झाड अंगणात लावता आले, तर त्या एका पाल्यापुरती ऊन आणि थंडी दोन्हींची गरज उरत नाही.